मिठाच्या वाटेनं ल्युबेक

मंडळी, नमस्कार.

जर्मनीच्या उत्तरेला, बाल्टिक समुद्रापासून थोडं आत, चहूबाजूंनी पाण्यानं वेढलेलं ल्युबेकचं जुनं गाव आहे. हॅम्बुर्गहून आगगाडीनं पाऊण तास लागतो. आपल्याकडचे बरेच जण हॅम्बुर्गपर्यंत जातात, बंदर पाहतात आणि मागे फिरतात. त्यांनी आणखी एक-दोन दिवस काढून ल्युबेकला जावं, आणि तिथे काय बघायचं हे मनाशी ठरवून जावं, असं मला फार वाटतं. म्हणून आज हा विषय घेतला.

स्टेशनातून जुन्या गावाकडे चालत निघालं की थोड्याच वेळात होल्स्टनटोर समोर येतो. ही गावाची पश्चिमेकडची वेस. दोन जाडजूड गोल बुरूज, त्यांच्या डोक्यावर शंकूसारखी निमुळती छपरं आणि मधे कमान. १४६४ ते १४७८ या काळात ती बांधली. जमीन दलदलीची, त्यामुळे बुरूज खचले आणि कलले. ते कललेपण आजही नुसत्या डोळ्यांना दिसतं. बाहेरच्या बाजूची भिंत साडेतीन मीटर जाड आहे आणि गावाकडची एक मीटरसुद्धा नाही. वेस शत्रूच्या हाती पडलीच तर गावातून तोफा डागून ती पाडता यावी म्हणून आतली बाजू पातळ ठेवली, असं सांगतात. एकोणिसाव्या शतकात ही वेस अडगळ वाटायला लागली होती. पाडावी की ठेवावी यावर १८६३ साली मतदान झालं आणि अवघ्या एका मतानं ती वाचली. पुढे तीच जर्मनीच्या पन्नास मार्कांच्या नोटेवर छापली गेली.

सगळे प्रवासी इथे थांबतात, फोटो काढतात आणि कमानीतून पुढे जातात. तुम्ही तसं करू नका. कमान ओलांडली की उजव्या हाताला नदीच्या काठाशी बघा. विटांच्या सहा उंच इमारती एकमेकींना चिकटून उभ्या आहेत. प्रत्येकीचं तोंड पाण्याकडे, प्रत्येकीचा त्रिकोणी माथा वेगळ्या घडणीचा, एकीला पायऱ्यापायऱ्यांचा तर दुसरीला वळणदार. खिडक्या लहान. ही मिठाची कोठारं. आज उभी आहेत ती १५७९ ते १७४५ या काळात बांधलेली, पण इथे मीठ उतरायचं ते त्याच्याही दोनशे वर्षं आधीपासून. ल्युबेक समजून घ्यायचं असेल तर सुरुवात इथून करावी. हे शहर व्यापाऱ्यांनी घडवलं, आणि त्या व्यापाराच्या मुळाशी मीठ आहे.

कसं, ते सांगतो. त्या काळच्या ख्रिस्ती युरोपात उपासाचे दिवस भरपूर. दर शुक्रवार, शिवाय ईस्टरआधीचे चाळीस दिवस, शिवाय इतर. या दिवसांत मांस वर्ज्य, पण मासे चालत. आणि मासे कुठे मिळत? आजच्या स्वीडनच्या दक्षिण टोकाला स्कोने नावाचा प्रांत आहे, तो तेव्हा डेन्मार्कच्या राजाकडे होता. तिथल्या किनाऱ्याला दर वर्षी ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत हेरिंग माशांचे थवेच्या थवे यायचे. स्कानोर आणि फाल्स्टेरबो या दोन गावांच्या वाळूवर मोठा बाजार भरायचा. पण हेरिंग हा तेलकट मासा, तो लगेच नासतो. पकडल्यावर ताबडतोब साफ करून मिठात घालायचा आणि पिंपात दाबून भरायचा, तरच तो पुढे दूरदूर पाठवता येतो. चार-पाच पिंपं माशांना एक पिंप मीठ लागायचं. म्हणजे मासे डेन्मार्कच्या किनाऱ्यावर, खाणारे सबंध युरोपात, आणि मधली किल्ली ज्याच्याकडे मीठ आहे त्याच्या हातात.

बाल्टिकच्या पाण्यात खारटपणा कमी आणि ऊन बेताचं. आपल्याकडे उरणला किंवा पालघरच्या किनाऱ्याला आगरात भरतीचं पाणी घेतात, ऊन आपलं काम करतं आणि फळीनं मीठ ओढून घेतात. तिथे ते शक्य नव्हतं. पण ल्युबेकच्या दक्षिणेला ल्युनेबुर्ग नावाचं गाव आहे आणि त्याच्या पोटात मिठाचा प्रचंड साठा. जमिनीखालचं पाणी तो साठा विरघळवत वर यायचं, आणि त्यात मीठ मावेल तेवढं भरलेलं असायचं. हे पाणी शिशाच्या उथळ कढयांमध्ये ओतून लाकडाच्या जाळावर आटवायचे. चोपन्न भट्टीघरं, प्रत्येकात चार कढया, म्हणजे एकूण २१६. या मिठाचा लेखी उल्लेख इसवी सन ९५६ चा आहे, आणि कारखाना बंद झाला १९८० साली. एक हजार वर्षांहून जास्त काळ एकाच जागी एकच धंदा चालला. जमिनीखालून इतकं काढून घेतल्यामुळे ल्युनेबुर्गच्या जुन्या भागात जमीन आजही खचते आहे. तिथल्या मिखाएलिस चर्चमधले खांब वाकडे झालेले दिसतात.

हे मीठ आधी बैलगाड्यांनी, घोडागाड्यांनी ल्युबेकला यायचं. रस्ते वाईट, जकाती जागोजागी. तेव्हा ल्युबेकच्या कारभाऱ्यांनी १३९० मध्ये लाउएनबुर्गच्या ड्यूकशी करार केला आणि कालवा खणायला घेतला. श्टेक्नित्स आणि डेल्व्हेनाऊ नावाच्या दोन लहान नद्या होत्या, एक उत्तरेला ल्युबेकच्या ट्रावे नदीत जाणारी, दुसरी दक्षिणेला एल्बे नदीत. त्यांच्या मधे उंचवटा. तो उंचवटा खोदून दोन्ही नद्या जोडल्या. २२ जुलै १३९८ या दिवशी मिठानं भरलेल्या तीस होड्यांचा पहिला ताफा ल्युबेकला लागला. पाणलोटाचा दुभाजक ओलांडून जाणारा हा युरोपातल्या सर्वांत जुन्या कालव्यांपैकी एक.

या कालव्यात पाणी थोडं होतं. म्हणून जागोजागी दारं बसवली होती. दार लावून पाणी तुंबवायचं, होड्या दाराशी जमू द्यायच्या, आणि पुरेसं पाणी साठलं की दार उघडायचं. सुटलेल्या लोंढ्याबरोबर होड्या पुढच्या दारापर्यंत वाहत जायच्या. पुन्हा वाट बघायची. चढावर माणसं दोरानं होड्या ओढायची. शंभर किलोमीटरही अंतर नाही, पण दोन आठवडे किंवा त्याहून जास्त लागत. तरीही तो पाचशे वर्षं चालू होता, कारण एक होडी कितीतरी गाड्यांचं ओझं घ्यायची. १९०० साली नवा, रुंद कालवा झाला तेव्हा हा निवृत्त झाला.

आता थोडं मागे जाऊ. ल्युबेक वसवलं ११४३ मध्ये होल्श्टाइनचा काउंट आडोल्फ दुसरा यानं. जळून गेल्यावर ११५९ मध्ये सॅक्सनीचा ड्यूक हेन्री यानं ते पुन्हा वसवलं. १२२६ मध्ये सम्राट फ्रेडरिक दुसरा यानं त्याला थेट साम्राज्याच्या अखत्यारीतलं मुक्त शहर केलं. इथपासून पुढे ल्युबेकच्या डोक्यावर कुणी सरदार उरला नाही. कारभार नगरपरिषदेकडे, आणि परिषदेत बसणारे मोठे व्यापारी. हळूहळू उत्तरेकडची व्यापारी शहरं एकमेकांना धरून चालायला लागली, त्यालाच आपण हान्सा संघ म्हणतो. १३५६ मध्ये या शहरांची पहिली सर्वसाधारण सभा ल्युबेकलाच भरली. लंडन, ब्रुझ, नॉर्वेतलं बर्गन आणि रशियातलं नोव्हगोरोद या चार ठिकाणी त्यांच्या मोठ्या वखारी होत्या. संघाला स्वतःचा राजा नव्हता, कायमचं सैन्य नव्हतं, बराच काळ घटनासुद्धा नव्हती. ल्युबेकचा कायदा मात्र बाल्टिकच्या किनाऱ्यावरच्या शंभरेक शहरांनी उचलला होता. त्यामुळे ल्युबेकचा व्यापारी आजच्या एस्टोनियातल्या रेव्हालला गेला, म्हणजे आताच्या टाल्लिनला, तरी वारसा, कर्ज, भागीदारी यांचे नियम त्याला घरच्यासारखे असायचे. माझ्या मते या लोकांची खरी ताकद या सारखेपणात होती. जहाजं इतरांकडेही होती.

इथे मला एका माणसाबद्दल जरा सविस्तर बोलायचं आहे. योहान विटेनबोर्ग. हा ल्युबेकचा व्यापारी आणि महापौर. त्याची हिशेबाची वही टिकून आहे, १३४६ ते १३५९ या काळातली. कापड, माल्ट, धान्य, कातडी. कुणाला काय दिलं, कुणाकडून काय यायचं आहे. या नोंदी चालू असताना १३५० मध्ये ल्युबेकात प्लेग येऊन गेला आहे, हे ध्यानात घ्या. मग १३६१ मध्ये डेन्मार्कचा राजा वाल्डेमार चौथा यानं गोटलांड बेटावरचं विस्बी हे श्रीमंत शहर जिंकलं. हेरिंगचा बाजार त्याच्या हद्दीत होताच, आता बाल्टिकचा मधला टप्पाही गेला. हान्सा शहरांनी आरमार काढलं आणि त्याचं नेतृत्व महापौर विटेनबोर्गकडे दिलं. १३६२ मध्ये हेल्सिंगबोर्गपाशी त्याचा पराभव झाला. परत आल्यावर त्याच्यावर खटला चालला आणि १३६३ मध्ये ल्युबेकच्या बाजारचौकात त्याचा शिरच्छेद झाला. महापौराचा, स्वतःच्याच शहरात! आज त्या चौकात उभं राहिलं की समोर नगरपरिषदेची इमारत दिसते. काळपट विटांची उंच भिंत आहे आणि तिच्यात वाऱ्याचा जोर मोडावा म्हणून मोठाली गोल भोकं ठेवली आहेत. तिथे जाऊन आल्यापासून विटेनबोर्गची ती शेवटची वर्षं माझ्या मनातून जात नाहीत.

पुढची लढाई शहरांनी जिंकली. १३७० मध्ये श्ट्रालझुंडला तह झाला. स्कोनेच्या किनाऱ्यावरचे चार किल्ले, स्कानोर, फाल्स्टेरबो, माल्मो आणि हेल्सिंगबोर्ग, पंधरा वर्षांसाठी हान्साच्या ताब्यात आले आणि तिथल्या उत्पन्नाचा दोन-तृतीयांश वाटाही. पंधरा वर्षं भरली तेव्हा, १३८५ मध्ये, त्यांनी ते किल्ले डेन्मार्कला परत करून टाकले. प्रदेश राखायचा म्हणजे फौज पोसायची. व्यापाऱ्यांना बाजार हवा होता, मुलूख नको होता. त्या काळच्या कुठल्याही राजानं असा किल्ला हातचा सोडला नसता.

आता गावात हिंडू. व्यापाऱ्याचं घर रस्त्याकडे अरुंद आणि आत खोलच खोल. दारातून आत गेलं की दुमजली उंचीचं मोठं दालन लागतं. त्याला तिथे डीले म्हणतात. इथे माल उतरायचा, तोलला जायचा, सौदा व्हायचा. कोपऱ्यात काचा लावलेली लिहायची खोली. वर छपराखाली मजल्यामागून मजले, सगळे साठवणीचे, आणि माथ्यापाशी मोठं चाक बसवलेलं, त्याच्या दोरानं गोणी वर ओढायच्या. माणसं मागच्या भागात राहायची. घराची उत्तम जागा मालाला! कित्येक घरांच्या माथ्याशी माल घ्यायची दारं अजून दिसतात, खालून मान वर करून बघत चला.

या घरांतली माणसं कशी होती हे कळायला हिल्डेब्रांड फेकिंखुसेन या व्यापाऱ्याची पत्रं आहेत. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीचा हा माणूस. ब्रुझमध्ये बसून धंदा करायचा, बायको मार्गारेटा मुलांना घेऊन ल्युबेकात. त्याची आणि त्याच्या नातेवाइकांची शेकडो पत्रं आणि हिशेबाच्या वह्या टाल्लिनमध्ये राहिल्या. १४०७ च्या सुमारास त्यानं भाऊ आणि भागीदारांबरोबर व्हेनिसशी व्यापार करायला कंपनी काढली. उत्तरेची कातडी आणि बाल्टिकचा अंबर, म्हणजे दागिन्यांत घालतात तो राळेचा पिवळा खडा, दक्षिणेला पाठवायचा, आणि व्हेनिसहून मसाले आणायचे. व्हेनिसला मिरी कुठून येत होती? मलबारहून, अरब व्यापाऱ्यांच्या हातून अलेक्झांड्रियाला आणि तिथून पुढे. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून निघालेलं मिऱ्याचं पोतं अशा रीतीनं ल्युबेकच्या डीलेपर्यंत पोचायचं. ती कंपनी काही चालली नाही. राजाला दिलेलं कर्ज पुरतं वसूल झालं नाही. मिठाच्या सट्ट्यात तोटा आला. १४२२ मध्ये त्याला ब्रुझमध्ये कर्जापायी तुरुंगात टाकलं, आणि तीन वर्षं तो तिथे होता. सुटून ल्युबेकला आला आणि १४२६ मध्ये वारला. हान्साचा इतिहास वाचताना आपण चारी दिशांच्या वखारी आणि तह वाचतो. मला वाटतं, त्यांच्याइतकीच ही पत्रं वाचायला हवीत.

बाजाराला लागून सेंट मेरीचं चर्च आहे, मारिएनकिर्शे. बिशपचं कॅथेड्रल गावाच्या दक्षिण टोकाला, ११७३ मध्ये सुरू झालेलं. व्यापाऱ्यांनी आपलं चर्च बाजाराशी बांधलं आणि बिशपच्या चर्चहून मोठं बांधलं. त्या भागात चांगला दगड मिळत नाही, तेव्हा सगळं विटेत. मधल्या दालनाचं छत जमिनीपासून साडेअडतीस मीटरवर आहे. विटेच्या कमानींचं इतकं उंच छत जगात दुसरीकडे नाही. मनोरे एकशे पंचवीस मीटर. बाल्टिकवरच्या कितीतरी शहरांनी पुढे आपली चर्चं याच नमुन्यावर बांधली. १६६८ पासून बुक्स्टेहूड हा संगीतकार इथे ऑर्गन वाजवायचा, आणि त्याच्या संध्याकाळच्या मैफलींना पैसा व्यापारी पुरवायचे. १७०५ मध्ये पुढे थोर संगीतकार म्हणून गाजलेला बाख, तेव्हा वीस वर्षांचा, त्याला ऐकायला आर्नश्टाटहून जवळजवळ चारशे किलोमीटर चालत आला होता.

२८ मार्च १९४२ च्या रात्री, पाम संडेच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या रविवारच्या, आदल्या रात्री, ब्रिटिश विमानांनी ल्युबेकवर बॉम्ब टाकले. तीनशेहून अधिक माणसं मेली, जुन्या गावाचा मोठा भाग जळाला. मारिएनकिर्शेचे मनोरे पेटले आणि घंटा खाली कोसळल्या. दक्षिणेकडच्या मनोऱ्याच्या तळाशी त्या जिथे पडल्या तिथेच ठेवल्या आहेत. फरशी फुटलेली, एका घंटेचे तुकडे झालेले, धातू वितळून वाकलेला. सभोवती जाळी आहे. शेजारी प्रार्थनेची जागा. मी तिथे गेलो तेव्हा शाळेची मुलं होती आणि त्यांच्या बाईंनी आधी जर्मनीनं कोणत्या शहरांवर बॉम्ब टाकले होते ते सांगितलं, मग ल्युबेकचं. तो क्रम मला फार मोलाचा वाटला.

आगीच्या धगीनं भिंतींचा चुना गळून पडला आणि खालची मध्ययुगीन चित्रं उघडी झाली. युद्धानंतर त्यांची डागडुजी झाली आणि १९५१ मध्ये थाटात सोहळा झाला. खुद्द चॅन्सेलर आडेनाउअर आले होते. पुढच्याच वर्षी मालस्काट नावाच्या चित्रकारानं जाहीर केलं की गाभाऱ्यातली चित्रं जुनी नाहीतच, ती आपण काढली आहेत. खटला झाला, तो तुरुंगात गेला, आणि ती चित्रं धुऊन काढली. बाकीच्या दालनातली रंगकामं बघताना हे माहीत असलेलं बरं.

याच चर्चमध्ये वर एक खोली आहे, तिला ट्रेझे म्हणतात. शहराच्या सनदा, करार, सम्राटाची पत्रं शतकानुशतकं इथे कुलूपबंद होती. दुसऱ्या महायुद्धात शहराचं दप्तर सुरक्षित राहावं म्हणून बेर्नबुर्गजवळच्या मिठाच्या खाणीत नेऊन ठेवलं. मिठाच्या खाणीत हवा कोरडी, कागद टिकतात. कागद टिकले, पण युद्धानंतर सोव्हिएत सैन्यानं ते उचलून नेले. पूर्व जर्मनीतून आणि मॉस्कोकडून ते १९८७ नंतर टप्प्याटप्प्यानं परत आले. चाळीस-पंचेचाळीस वर्षं हान्साच्या राजधानीत हान्साचे कागदच नव्हते!

हे सगळं मीठ वाहिलं कुणी? त्यासाठी मोठे रस्ते सोडायला हवेत. रस्त्याकडेच्या घरांच्या भिंतीत मधेच एक बुटकं भोक दिसतं, माणूस वाकून जाईल एवढं. त्यातून आत गेलं की मागच्या परसात एकेका खोलीच्या रुंदीची घरं ओळीनं लागतात. यांना गांग म्हणतात. नव्वदएक अजून शिल्लक आहेत. शहर पाण्यानं बांधलेलं, पसरायला जागा नाही. तेव्हा श्रीमंतांनी आपल्या परसात ही घरं बांधून हमालांना, खलाशांना, विधवांना भाड्यानं दिली. आज तिथे दाराशी गुलाब आहेत, सायकली टेकलेल्या आहेत. ती लोकांची राहती घरं आहेत, तेव्हा हळू बोला आणि खिडकीतून आत डोकावू नका. हार्टेनग्रूबे नावाच्या उतारावर मिठाच्या होड्या चालवणाऱ्यांच्या संघाचं घरही आहे. मोठ्या पुस्तकांत या माणसांना दोन ओळी मिळतात.

मग हे वैभव गेलं कसं? एका कारणानं नाही. फ्रान्सच्या बूरन्यफच्या खाडीतलं उन्हात वाळवलेलं मीठ मळकट होतं, पण ते स्वस्त होतं आणि डच जहाजं ते थेट बाल्टिकमध्ये आणायला लागली. हेरिंगनं स्कोनेचा किनारा सोडला. राजे बळकट झाले, त्यांनी परक्या व्यापाऱ्यांच्या सवलती काढून घेतल्या. १६६९ मध्ये ल्युबेकला शेवटची सभा भरली, मोजकीच शहरं आली. शहराचं स्वतंत्रपण मात्र पुढेही टिकलं, ते नाझी राजवटीनं १९३७ मध्ये संपवलं, ७११ वर्षांनी. गाड्यांच्या नंबरप्लेटवर आजही ल्युबेकची अक्षरं 'एचएल' अशी असतात. हान्साचा 'एच' त्यांनी सोडलेला नाही.

कुणी विचारेल, एकाच दिवसात काय होईल? सकाळी सेंट पीटरच्या चर्चच्या मनोऱ्यावर लिफ्टनं जा, पन्नास मीटरवरून गावाचा आकार आणि चर्चांचे बाकीचे सहाही मनोरे नजरेत येतात. मग कोठारं, बाजार, मारिएनकिर्शे. दुपारी २०१५ मध्ये उघडलेलं हान्सा संग्रहालय, त्याला चांगले दोन-तीन तास द्या. बदामाच्या मिठाईची, मार्झिपानची, दुकानं वाटेत आहेतच, ती सुटणार नाहीत.

पण दुसरा दिवस हाताशी असेल तर ल्युबेकहून ल्युनेबुर्गची लोकल गाडी धरा. ती रात्सेबुर्ग, म्योल्न, ब्युखेन, लाउएनबुर्ग करत जाते, म्हणजे साधारण मिठाच्या वाटेनंच, उलट्या दिशेनं. लाउएनबुर्गला उतरून जुन्या कालव्याचं पाल्मश्लॉइझे हे दार बघा. १७२४ मध्ये दगडात बांधलेलं, होड्या थांबायच्या ते मोठं कुंड जसंच्या तसं आहे. त्याच्या काठावर उभं राहून किती होड्या मावत असतील याचा अंदाज घ्या. मग पुढची गाडी पकडून ल्युनेबुर्गला मिठाच्या कारखान्याचं संग्रहालय बघा. ते जुन्या कारखान्याच्या इमारतीतच आहे, आणि मीठ कसं आटवायचे हे तिथली माणसं समजावून सांगतात.